हवामानानुकूल जपानी घरबांधणी

जपानमधील पारंपरिक लाकडी बांधकाम आणि ऊर्जाबचतीचे आधुनिक शास्त्र यांचा मेळ घालणारी गृहरचनापद्धती. लाकडी सांगाडा, बांबूच्या कामट्यांवर माती लिंपलेले कूड, खोल वळचण, ‘एंगावा’ ही ओसरीवजा फळ्यांची जागा आणि ‘शोजी’ ही कागदी सरकती दारे ही परंपरेची मुख्य अंगे होत. घर उन्हाळ्याचा विचार करून बांधावे, हिवाळा कुठेही काढता येतो, असे मत चौदाव्या शतकात योशिदा केन्को या जपानी लेखकाने मांडले होते. जुनी घरे बव्हंशी याच धोरणाने उभी राहिली आणि थंडीत गारठली. म्हणून परंपरेतले काय राखावे व काय बदलावे, हे प्रत्येक अंगाच्या प्रत्यक्ष कामावरून ठरवावे लागते.

वळचणीचे काम गणिताने पडताळता येते. क्योतो ३५° उत्तर अक्षांशावर असल्याने तेथे २१ जूनच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ७८° वर, तर डिसेंबरात सुमारे ३२° वर असतो. दक्षिणेकडील ९० सेंमी. वळचण उन्हाळ्यात आपल्या कडेखालची चार मीटरपर्यंतची भिंत सावलीत ठेवते. हिवाळ्यात तिची सावली जेमतेम अर्धा मीटर उतरते आणि ऊन खोलीत शिरते. क्योतोजवळ ओयामाझाकी येथे वास्तुविशारद कोजी फुजिई यांनी १९२८ मध्ये स्वतःसाठी बांधलेल्या ‘चोचिकुक्यो’ या घरात परंपरेला शास्त्राची जोड आहे. तेथे जमिनीखालील नळीतून गार हवा बैठकीत येते आणि गरम हवा छतातील झडपांतून वर निघून जाते.

आजच्या उकाड्याच्या दमट रात्री खिडक्या उघडून भागत नाही, हा आक्षेप रास्त आहे. वारा खेळवण्याची युक्ती मुख्यतः वसंत आणि शरद ऋतूंपुरती उरते. सावलीचे मोल मात्र घटत नाही, कारण ऊन काचेबाहेरच अडले की वातानुकूलन यंत्रावरचा भार कमी होतो. दुसरा आक्षेप कुडाविषयी आहे. माती ओलावा शोषते व सोडते, उष्णताही साठवते. पण ती उष्णतारोधक नव्हे. कुडाला बाहेरून लाकूडतंतूंचे रोधक थर लावल्यास साठलेली ऊब आत टिकते. बाष्पाला बाहेर पडायला वाट मात्र ठेवावी लागते, नाहीतर भिंतीत पाणी धरून लाकूड कुजते. एप्रिल २०२५ पासून जपानमध्ये नव्या घरांना ऊर्जाबचतीचे निकष सक्तीचे झाले. स्थानिक हवामानाशी जुळलेल्या पारंपरिक घरांना त्यांत काही सवलत आहे. कारागिरी जगवण्यासाठी ती योग्यच. पण सवलतीने घर उबदार होत नाही. जेथे कुडाचे रूप न बिघडवता रोधन करता येते, तेथे ते टाळण्यास परंपरा हे कारण पुरेसे ठरत नाही.