वज्री, कतक आणि खापरी

प्राचीन नगरांच्या उत्खननांत मुठीत मावणारे, पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत केलेले भाजक्या मातीचे तुकडे वारंवार मिळतात. सर जॉन मार्शल यांच्या तक्षशिलेच्या उत्खननातही (१९१३-३४) अशी साधने मिळाली. पुरातत्त्वज्ञ त्यांस अंग घासण्याचे साधन म्हणतात. आपल्या न्हाणीघरातील वज्रीचेच हे पूर्वरूप होय.

याचे जुने नाव विनयपिटकात आहे, असे आम्हांस वाटते. चुल्लवग्गात विशाखा मिगारमाता भगवंतांना घट, कतक व केरसुणी अर्पण करते. भगवंत घट आणि केरसुणी स्वीकारतात, कतक नाकारतात. अट्ठकथेनुसार कतक म्हणजे कमळाच्या कर्णिकेसारखे, वर काटे उठवून केलेले पाय घासण्याचे साधन. ते गोल असो वा चौकोनी, चैनीचे म्हणून निषिद्धच. मात्र अनवाणी चारिका करणाऱ्या भिक्खूची गरज खरी होती. म्हणून तेथेच खडा, खापरी आणि समुद्रफेस या तिहींना अनुज्ञा दिली आहे.

विहाराच्या आवारात खरबरीत वज्री सापडली की ती 'भिक्खूची' असे लिहिण्याचा मोह होतो. नियम तर उलट सांगतो. (अर्थात तो सर्वांनी पाळलाच, असेही गृहीत धरता येत नाही.) भिक्खूचे विहित साधन फुटक्या मडक्याची खापरी, आणि ती तर खापरांच्या ढिगात हरवून जाते! विहारस्थळांवरील खापरांपैकी एक बाजू घासून गुळगुळीत झालेली खापरी वेगळी काढून तपासावी, एवढीच आमची उत्खननकर्त्यांना विनंती आहे.