छर्रे तेच, पायडल वेगळं

'क्लिपलेस' हा शब्द ज्यानं काढला त्याला एकदा भेटायला हवं. बूट पायडलवर ठेवला की खटकन अडकतो, पाय वर ओढला तरी सुटत नाही, टाच बाहेरच्या बाजूला वळवली तरच मोकळा होतो. आणि नाव काय, तर बिनक्लिपचं! माझ्या सायकलला अशी जुनी जोडी आहे, आणि ती बघून "सर, यात क्लिप नाही म्हणता, मग पाय कशात अडकलाय?" असं मला बीडमध्ये निदान वीस जणांनी विचारलं असेल. त्या प्रश्नाचं उत्तर थोडं लांबलचक आहे, म्हणून आज ते लिहूनच काढतो.

क्लिप म्हणजे टो-क्लिप. पायडलच्या पुढे बसवलेला पिंजरा आणि त्यातून ओवलेला चामडी पट्टा. शर्यतीतले सायकलस्वार एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून तो वापरत आले. चढावर पाय सटकू नये, हा उद्देश. पण पट्टा आवळला की पडताना पाय काढायचा कसा? हाताने पट्टा सैल करायचा, तोवर जमीन आलेली असते. म्हणून बिनपिंजऱ्याचं काहीतरी शोधायची धडपड फार जुनी आहे. अमेरिकेत र्‍होड आयलंडच्या चार्ल्स हॅन्सननं १८९५ सालीच बूट फिरवून अडकवायचं पायडल काढलं होतं. पुढे १९७०च्या सुमारास इटलीच्या चिनेलीनं एम-७१ आणलं. त्यात पाय सोडवायला खाली वाकून खटका ओढावा लागे. लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'मरणाची पत्री'. नाव ठेवण्यात जगभरचे लोक सारखेच. :)

खरी सोडवणूक केली ती बर्फावर घसरणाऱ्यांनी. फ्रान्सची लूक ही कंपनी स्कीला बूट अडकवायच्या कड्या बनवायची. पडताना पाय आपोआप सुटला नाही तर हाड मोडतं, हे त्या धंद्यात आधीच ठाऊक. तीच युक्ती त्यांनी १९८४ मध्ये पायडलला लावली, आणि १९८५ची टूर द फ्रान्स बर्नार इनोनं त्याच पायडलवर जिंकली. पिंजरा गेला, म्हणून क्लिपलेस. पण लूकची पत्री मोठी आणि तळव्याबाहेर आलेली. ते बूट घालून दहा पावलं चालणं म्हणजे खडावा घालून फरशीवर नाचणं. डोंगरात तर अर्ध्या वेळा उतरून सायकल ढकलावी लागते.

तिथे शिमानो आली. जपानच्या साकाई गावात १९२१ साली फ्रीव्हील बनवत सुरू झालेली कंपनी. तिनं १९९० मध्ये पीडी-एम७३७ हे पायडल काढलं. पत्री (क्लीट म्हणतात तिला) दोन बोटांएवढी आणि बुटाच्या तळव्यात खोल बसवलेली, त्यामुळे नीट चालता येतं. पायडल उलटं-सुलटं कसंही असो, दोन्ही बाजूंनी अडकतं. डोंगरी सायकलींचं क्लिपलेस खऱ्या अर्थानं इथून सुरू झालं. माझ्याकडे आहे ती हीच जोडी. अमेरिकेतल्या मावसभावानं तिकडे वापरून इकडे आणून दिलेली. तेव्हा असल्या वस्तू नातेवाइकांच्या बॅगेतूनच यायच्या. परदेशी ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरचे उरलेसुरले निर्बंध उठायला आपल्याकडे २००१ साल उजाडलं. आणि बीडला तर काय, शहरात पहिली रेल्वे यायलाच २०२५ उजाडलं! आमच्या पिढीला डोंगरी सायकल म्हणजे 'रेंजर', जाड टायरची आणि सरळ हँडलची. गिअर असले तर असले.

आता मुद्द्याचं. पुण्यातला भाचा (तो हे वाचणारच) म्हणतो, "मामा, तीस वर्षांपूर्वीचे पायडल कशाला ओव्हरऑइलिंग करत बसता? नवे घ्या." त्याच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. नवे हलके आहेत, आणि चिखल त्यांच्यातून लवकर निघतो. पण हे पायडल मी का फेकत नाही, ते ज्यानं त्याच्या आत पाहिलंय त्यालाच कळेल.

आमच्याकडे एक जुने मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. ॲटलस, हीरो, हर्क्युलिस यांच्यावर आयुष्य गेलं. मी ही जोडी पहिल्यांदा त्यांच्यापुढे ठेवली तेव्हा त्यांनी ती उलटसुलट केली, आस बोटांत धरून फिरवली, कानाशी नेली, आणि म्हणाले, "आखिर छर्रेच है ना, सर." बरोबर! वरची स्प्रिंग नि कड्या सोडल्या तर आत तेच: आस, वाटी, कोन, लॉकनट आणि छर्रे. फक्त छर्रे बारीक, ३/३२ इंचाचे. साध्या सायकलच्या पायडलला जो हात चालतो, तोच इथे चालतो. इतकंच काय, आटेही तेच, ९/१६ इंचाचे. हे जपानी पायडल चाचांनी गंमत म्हणून एका ॲटलसच्या क्रँकला लावून दाखवलं होतं.

आट्यांची मात्र एक मेख आहे. डावं पायडल क्रँकमध्ये उलट्या आट्यांनी बसतं, हे कुठल्याही सायकलवाल्याच्या पोराला माहीत असतं. कारण पायाच्या जोरानं आस क्रँकच्या भोकात किंचित घरंगळत जाते, आणि सरळ आटे असते तर डावं पायडल चालता चालता सुटून आलं असतं. पण या पायडलच्या आतला आसाचा जोड बाहेर काढताना सगळं पालटतं: उजव्याचे आटे उलटे, डाव्याचे सरळ. त्याला दातेरी खास पाना लागतो. जोर चुकीच्या दिशेनं लावला तर दाते गेले म्हणून समजा. चाचा दर वेळी खडूनं बाण काढून घेतात.

एकदा आस बाहेर आली की काम आपल्या ओळखीचं. पूर्वी छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, आता डिझेलमध्ये. कोनावर खड्डे पडलेत का ते नखानं बघायचं. कोन आवळताना आस हलूही नये आणि अडूही नये. हा मधला बिंदू पुस्तकात सापडत नाही, बोटालाच सापडतो. घाईच्या दिवशी सोपी युक्ती: पायडलच्या पोकळीत ग्रीस भरायचं आणि आस पुन्हा आत आवळत न्यायची. नवं ग्रीस छऱ्यांमधून रेटलं जातं आणि जुनं काळं ग्रीस क्रँककडच्या तोंडातून बाहेर येतं.

ग्रीसवरून आठवलं. डोंगरी सायकलचा जन्मच मुळी ग्रीसमध्ये झालाय. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन भागात पोरं जुन्या जाडजूड सायकली एका उतारावरून सोडायची. मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि हब खोलून पुन्हा भरावं लागायचं. त्या उताराचं नावच पडलं 'रीपॅक', म्हणजे पुन्हा भरा. तेव्हा भाचेबुवा, ओव्हरऑइलिंगला नाक मुरडू नका.

बीडहून पालीच्या बिंदुसरा तलावावरून मांजरसुंब्याचा घाट चढताना या पायडलचं मोल कळतं. पाय सटकत नाही, उभं राहून चढता येतं. पण घाटात ट्रक असतात, आणि थांबताना पाय वेळेवर सुटला नाही तर माणूस उभ्या-उभ्या आडवा होतो. म्हणून नवख्यानं स्प्रिंगचा स्क्रू अगदी सैल ठेवावा आणि आधी मैदानात सराव करावा. क्लीटचे दोन्ही बोल्ट महिन्याकाठी तपासावेत. एक ढिला झाला की क्लीट बुटाखाली गरागरा फिरते, टाच वळते पण पाय सुटत नाही. क्लीट वाकडी बसवली तर गुडघा दुखतो, तेव्हा आपला पाय चालताना जसा पडतो तशीच ती लावावी.

गेवराई-माजलगावकडच्या काळ्या रानात मात्र पावसाळ्यात हे पायडल हात टेकतं. ती माती कडीत बसली की क्लीट आत जाणारच नाही. मी जुन्या स्पोकचा तुकडा खिशात ठेवतो, खरवडायला. अशा दिवशी साधं रबरी पायडल शंभर पटींनी बरं, हे मी बिनदिक्कत सांगतो. बालाघाटच्या वरच्या मुरमाड वाटांवर, कपिलधार-सौताड्याकडे, तक्रार नाही.

चाचांच्या दुकानात आता मुलगा मोबाइलची कव्हरं विकतो. चाचा मागच्या अंगाला बसतात, सायकली आल्या तर करतात. तीन-चार वर्षांपूर्वी मी त्यांच्याकडून कोन लावायला शिकून घेतलं. छर्रे पुढेही मिळतील, पण मधला बिंदू दाखवणारं बोट कुठून आणायचं?

डाव्या बुटाची क्लीट पुढून झिजत आलीय, पाय मध्येच सुटतो. शिमानोची आजची एसएच-५१ क्लीट या जुन्या पायडललाही चालते. पुण्याहून जोडी मागवलीय. मृगाच्या आत बसवून घेतो.