अनुमोदकाचे भाषण

सभेत एकाने ठराव मांडावा आणि दुसऱ्याने उठून त्यास अनुमोदन द्यावे, ही विलायती सभाशास्त्राची रीत आपल्याकडे इंग्रजी अमदानीत आली; आणि 1885 साली मुंबईच्या गोकुळदास तेजपाल पाठशाळेत राष्ट्रसभेच्या पहिल्या अध्यक्षाचे नाव ह्यूमसाहेबांनी सुचवले, तेव्हा मद्रासच्या सुब्रह्मण्य अय्यरांचे अनुमोदन आणि वर न्यायमूर्तिपदाच्या वाटेवर असलेल्या काशीनाथ त्र्यंबक तेलंगांचा पुरवणी पाठिंबा, असा सगळा दस्तूर यथासांग पार पडला. एरवी अनुमोदकाचे भाषण म्हणजे श्रोत्यांनी पानाचा डबा उघडण्याची वेळ. पण याच उपचाराने 1907 च्या डिसेंबरात सुरतेच्या राष्ट्रसभेत रण माजवले. अध्यक्षपदासाठी रासबिहारी घोषांचे नाव अंबालाल साकरलाल देसायांनी सुचवले, तोवर सभा कशीबशी शांत होती. अनुमोदनासाठी सुरेंद्रनाथ बॅनर्जी उभे राहताच मात्र असा गलका उसळला की, ज्यांच्या वाणीचा दरारा साऱ्या हिंदुस्थानात, त्यांना वाक्य पुरे करता येईना आणि सभा तहकूब करावी लागली. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाषण पुरे केले, मोतीलाल नेहरूंनी पाठिंबा दिला. परंतु अनुमोदन संपताच आपणांस बोलू द्यावे, अशी चिठ्ठी स्वागताध्यक्षांकडे आधीच धाडलेले लोकमान्य टिळक व्यासपीठावर येऊन हाताची घडी घालून उभे राहिले. त्यांना संधी नाकारली गेली, आणि गर्दीतून भिरकावलेला एक दक्षिणी जोडा सुरेंद्रनाथांना चाटून फिरोजशहा मेहतांवर आदळला.