कोब्याची कुळकथा

माणसाला सुखाने जगायचे असेल तर त्याने दोन गोष्टींच्या खाली काय आहे ते पाहू नये. एक म्हणजे हॉटेलातल्या टेबलावरच्या मेणकापडाच्या, आणि दुसरी म्हणजे आपल्या घरातल्या जमिनीच्या. पहिले पथ्य मी आजवर पाळत आलो आहे. दुसरे गेल्या दिवाळीआधी मोडले आणि त्याचे प्रायश्चित्त म्हणून तीन आठवडे ओसरीवर स्टोव्ह मांडून पिठलेभातावर काढले.

आमचे घर तारोडीला. तारोडी म्हटले की समोरचा माणूस ‘ही कुठेशी आली?’ असे विचारतो. मग मी भाईंदरपासून सुरुवात करून उत्तन-डोंगरीपर्यंत येतो, आणि तरीही त्याचा चेहरा कोराच राहिला तर ‘धारावी बेट’ म्हणतो. हे म्हणायला नको, कारण त्यानंतर तो माझ्याकडे सहानुभूतीने पाहू लागतो. मुंबईतली धारावी निराळी आणि आमची निराळी, हे सांगण्यात माझा निम्मा जन्म गेला. आमच्या धारावीचा किल्ला चौक गावापाशी आहे. मराठ्यांनी तो मार्च १७३९ मध्ये घेतला आणि मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पण हा इतिहास ऐकायला बसमध्ये कोणी थांबत नाही. त्यांचा थांबा आलेला असतो.

तर या तारोडीत माझे वडील, आमचे अप्पा, शाळामास्तर म्हणून आले आणि राहिले. त्यांनी विकत घेतलेल्या घराची जमीन मातीची होती. १९८० साली त्यांनी तिच्यावर सिमेंटचा कोबा घातला, लाल रंग घालून घोटून घेतला, आणि मग मरेपर्यंत आल्यागेल्याला तो दाखवला. “बाहेरच्या खोलीला माल कसा सढळ हाताने घातलाय बघा! स्वयंपाकघरात आपलं उरल्यासुरल्यात भागवलं,” हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले होते की पाहुणा ‘वा’ म्हणायच्या आत आम्ही भावंडे ते मनात पुरे करत असू. आई यावर काही बोलत नसे. ती पोळ्या लाटत असे.

चाळीस-बेचाळीस वर्षांत त्या कोब्याचा लाल रंग उडाला. बाहेरच्या खोलीत भेगांचे नकाशे उमटले आणि पावसाळ्यात पांढरी भुकटी वर येऊ लागली. सौ. म्हणाली, “अहो, सगळ्यांकडे टाइल्स झाल्या. आपल्याकडे अजून पावडर लावलेली जमीन आहे.” मुलाने मोबाइलवर टाइल्सचे शंभरएक नमुने पाठवले. मला ते सगळे सारखेच दिसले, म्हणून मी कोणत्याही एकाला होकार दिला आणि मिस्त्रींना बोलावले.

माझी समजूत अशी की टाइल म्हणजे पोस्टाचे तिकीट. मागे ओलावा लावायचा आणि चिकटवायची. मिस्त्रींनी दारात चपला काढल्या, खिशातून एक लोखंडी गज काढला आणि जमिनीवर ठक्‌ ठक्‌ करत खोलीभर फिरू लागले. डॉक्टर रोग्याच्या पाठीवर बोटे वाजवतात तशातला प्रकार. मध्येच थांबत, कान देत आणि खडूने गोल काढत.

“हे काय करताय?” मी विचारले.

“विचारतोय, सर. घट्ट असेल तर टणक बोलते, सुटलेली असेल तर बोदं बोलते. खालचं बोदं ठेवून वर हजाराची टाइल लावली तरी ती वर्षात बोलायला लागेल.”

हे ऐकून माझ्यातला सेवानिवृत्त वाचक जागा झाला. मी म्हटले, “मिस्त्री, हेच दोन हजार वर्षांपूर्वी व्हिट्रुव्हियसने लिहून ठेवलंय.”

“कुठला कॉन्ट्रॅक्टर?”

“रोमचा.”

“म्हणजे पोपसाहेबांकडचा?”

“पोपच्याही आधीचा.”

हा व्हिट्रुव्हियस मोठा चोख माणूस. वास्तुविद्येवर त्याने दहा भाग लिहिले, आणि सातव्या भागात फरसबंदी सांगताना सुरुवात केली ती जमीन तपासण्यापासून. आधी माती सगळीकडे सारखी घट्ट आहे का ते पाहा. भराव असेल तर भरपूर धुम्मस करा. मग मूठभर आकाराच्या दगडांचा थर, त्यावर खडी आणि चुना, त्यावर कुटलेली खापरे आणि चुना, आणि मग कुठे वरची फरशी. त्यातही एक खुबी आहे. खडी नवी असेल तर तिच्या तीन भागांना चुना एक भाग. पण जुन्या बांधकामाची खडी पुन्हा वापरत असाल तर पाच भागांना दोन. म्हणजे जुन्याशी जमवून घ्यायचे तर चुना थोडा जास्त लागतो, हे रोमन गवंड्यांनाही ठाऊक होते. आमच्या घरात हे सौ.ला ठाऊक आहे.

मिस्त्रींनी हे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “त्याने ओल कशी बघितली?” याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. मिस्त्रींकडे होते. त्यांनी प्लास्टिकचा एक कागद जमिनीवर पसरून चारी कडा पट्टीने चिकटवल्या. सकाळी पाहतो तो कागदाच्या आतल्या बाजूला घाम! ती ओल जमिनीतून वर येत होती. आणि पांढरी भुकटी? “लोणा,” मिस्त्री म्हणाले. वाळू खारी असली की तिच्यातले मीठ ओल धरून ठेवते. ओल वर आली की पाणी उडून जाते आणि मीठ पृष्ठभागावर फुलते. ते फुलताना कोब्याचे पापुद्रे काढते.

आपल्या माणसाच्या पायाखाली काय काय येऊन गेले, याचा विचार करायला मला त्या तीन आठवड्यांत पुष्कळ वेळ मिळाला. आधी चोपलेली माती आणि वर शेणाचा सडा. ही जमीन दर चार दिवसांनी सारवावी लागे, म्हणजे तिचा खर्च पैशांत नसून बायकांच्या कमरेत होता. पैसेवाल्यांकडे चुन्याचा कोबा. मग शहाबादची फरशी. त्या गावाने आपले नाव आपल्या दोन-तीन पिढ्यांच्या स्वयंपाकघरांना दिले. साहेबाने आपल्या फरश्या बोटीने आणल्या. भायखळ्याला १८७२ साली उघडलेल्या संग्रहालयात, आताच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, इंग्लंडच्या मिंटन कंपनीच्या नक्षीदार फरश्या आहेत. तिथे मी वस्तू कमी आणि जमीनच जास्त पाहतो. त्या विलायती फरशीला स्वदेशी उत्तर म्हणून १९२२ साली सिधवा मंडळींनी भारत टाइल्स काढली. आणि ज्याच्यामुळे हे सगळे जमले ते पोर्टलंड सिमेंट जोसेफ अ‍ॅस्पडिन नावाच्या लीड्सच्या एका गवंड्याने १८२४ साली पेटंट केले. आपल्याकडे पोरबंदरला १९१४ पासून ते होऊ लागले. म्हणजे आमच्या मिस्त्रींची जात जगभर सारखीच कर्तबगार. नावे तेवढी इमारतींवर दुसऱ्यांची.

अप्पांचा कोबा मात्र ज्या काळात झाला तो काळ सिमेंटच्या दृष्टीने दुष्काळाचा. आज कोपऱ्यावरच्या दुकानातून गोण्या टेम्पोत पडतात. तेव्हा सिमेंट नियंत्रणात होते. अर्ज करायचा, परवान्याची वाट पाहायची, आणि मिळेल तेवढ्या गोण्या देवाचा प्रसाद म्हणून डोक्याला लावायच्या. सिमेंटवाटपाच्या प्रकरणात जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेल्यावर मुख्यमंत्री अंतुले यांना पायउतार व्हावे लागले, यावरून त्या भुकटीचे वजन लक्षात यावे. त्याच वर्षी फेब्रुवारीत नियंत्रण थोडे सैल झाले आणि १९८९ मध्ये पुरते उठले. अप्पांनी दोन वर्षे थांबायला हवे होते. पण मास्तर माणूस, वेळापत्रकाप्रमाणे चालणार.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री गज वाजवत स्वयंपाकघरात गेले. ठण्‌ ठण्‌ ठण्‌. एकही गोल नाही. उलट बाहेरच्या खोलीत इतके गोल झाले होते की पंगत बसवता आली असती.

“उलटं कसं झालं?” मी म्हणालो. “अप्पा तर सांगायचे, चांगला माल बाहेर घातला, आत उरलेला.”

मिस्त्री थोडा वेळ गजाकडे पाहत राहिले. मग उकिडवे बसले. “सर, तुम्हाला आठवत नसेल. हा कोबा माझ्या बापाने केलाय. मी बारा वर्षांचा होतो, घमेली द्यायला. आठ गोण्या मिळाल्या होत्या. मास्तर म्हणाले, पाच आत घाला. बाईंनी वीस वर्षं ओल्या जमिनीवर बसून भाकऱ्या थापल्या, गुडघे धरतात त्यांचे. बाहेर मग तीनच उरल्या. नदीची रेतीही आत संपली. बाहेर किनाऱ्याची घातली.”

“आणि हे सांगितलं नाही कोणाला?”

“मास्तर म्हणाले, बाईंना कळलं तर त्या भांडतील. पाहुण्यांची खोली आधी म्हणतील. तुम्ही गप्प राहा, मी उलटं सांगत जाईन.”

आई जाऊन सतरा वर्षे झाली, अप्पांना चौदा. मी त्या लाल जमिनीकडे नुसता पाहत राहिलो. आईला हे खरेच ठाऊक नव्हते का? अप्पा पाहुण्यांना ते वाक्य ऐकवत तेव्हा ती पोळ्या लाटतालाटता किंचित हसत असे. ते हसू मी चाळीस वर्षे नवऱ्याच्या बढाईला दिलेले हसू समजत होतो.

पुढचे सगळे रीतीप्रमाणे झाले. बाहेरच्या खोलीतला बोदा कोबा मातीपर्यंत फोडला, खारा भाग काढून टाकला, ओल अडवायला खाली जाड प्लास्टिक अंथरून नवे काँक्रीट घातले. पाण्याची नळी धरून भिंतींवर लेव्हलच्या खुणा केल्या, दाराकडे ढाळ काढला. नवे काँक्रीट पुरते सुकू दिले. मग टाइल बसली, आणि गजाने वाजवून पाहिली तर ठण्‌ म्हणाली.

स्वयंपाकघराची पाळी आली. घोटलेल्या गुळगुळीत कोब्यावर माल धरत नाही, म्हणून आधी छिन्नीने बोट-बोट अंतरावर टाचे मारायचे, जागा झाडून धुवायची, सिमेंटचे पातळ खीर फिरवायचे आणि मग टाइल, असे मिस्त्रींनी समजावले. त्यांनी छिन्नी लावली, हातोडा उचलला आणि माझ्याकडे पाहिले. मी सौ.कडे पाहिले. ज्या सौ.ने हे सगळे आरंभले होते ती म्हणाली, “राहू दे. सासूबाईंची जमीन आहे ती. मी पॉलिश करून घेईन.”

मिस्त्रींनी हातोडा इतक्या झटकन खाली ठेवला की तेही याचीच वाट पाहत असावेत.

याचा परिणाम असा झाला आहे की बाहेरच्या खोलीची जमीन आता स्वयंपाकघरापेक्षा दीड इंच वर आली आहे. उंबरा नाहीसा झाला, पण ठेच राहिली. मुलगा आला की पहिल्या दिवशी हमखास अडखळतो आणि म्हणतो, “बाबा, लेव्हल चुकली तुमची.” मी त्याला सांगतो की बाहेर चांगला माल घातलाय, आत आपलं उरल्यासुरल्यात भागवलं. सौ. तेव्हा पोळ्या लाटत असते. ती काही बोलत नाही.