सायकलीची साखळी

सायकल घरच्या घरी बांधता येते हे म्हणणे अर्धेच खरे आहे. हात बसलेला कारागीर स्वाराच्या पायाची लांबी पाहून पोलादी नळ्या बेताने कापतो, त्यांची तोंडे एकमेकांस जुळवून पितळेने झाळतो, आणि सांगाडा उभा राहतो. चाकाच्या तारा ओवून आउट काढणे हेही अंगणात बसून होण्याजोगे काम आहे. गल्लीबोळांतील दुकानदार ते रोज करतात. परंतु नळी कोठून आणावयाची? साखळी कोणी करावयाची? या दोन प्रश्नांपाशी घरची कारागिरी थांबते, आणि मद्रासच्या सायकलधंद्याची खरी हकीकत तेथून पुढे सुरू होते.

साखळी दिसावयास मोठी साधी. दोन खिळ्यांमधील अंतर अर्धा इंच, आणि अशा कड्या शंभरावर. एका कडीत केसाएवढी चूक राहिली तर ती डोळ्यांना दिसत नाही. पण तीच चूक शंभर कड्यांत साठली की साखळी दात्यांवर चढू लागते, आणि ऐन चढावर दगा देते. कानस घेऊन बसलेल्या एकट्या माणसाचे हे काम नव्हे. हजारो कड्या एकाच मापाच्या पाडणारी यंत्रे त्यासाठी हवीत, आणि त्या यंत्रांचे पोट भरेल एवढे गिऱ्हाईकही हवे.

अमेरिकेत डेटन गावी राइट बंधू १८९६ पासून स्वतःच्या सायकली बांधू लागले. चाकाचे हबदेखील त्यांनी स्वतः योजले होते. मात्र १९०३ साली त्यांचे जे विमान उडाले, त्याचे पंखे फिरविणाऱ्या साखळ्या इंडियानापोलिसच्या कारखान्यातून विकत आणलेल्या होत्या. इकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामूअण्णा सायकली विकीत, दुरुस्त करीत, लोकांना त्यांवर बसावयासही शिकवीत. त्या दुकानातून सायकल काही निर्माण झाली नाही. पुढे निघाली ती कडबा कापण्याची यंत्रे, आणि नंतर लोखंडी नांगर. नांगर ओतीव लोखंडाचा, भट्टी असली की होणारा. सायकलीची नळी तशी होणारी नव्हती. लक्ष्मणरावांनी हा मोह टाळला यात त्यांचे व्यवहारज्ञानच दिसते.

मद्रासेस हा प्रश्न सुटला तो एका दमात नव्हे. १९४९ साली मुरुगप्पा घराण्याने ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स या विलायती कंपनीशी भागी करून शहराच्या पश्चिमेस, अंबत्तूर येथे, सायकलीचा कारखाना स्थापन केला. पण नुसती जुळणी म्हणजे निर्मिती नव्हे. सुटे भाग बोटीतून उतरवून येथे पिळून बसविले, तर त्या वस्तूस देशी म्हणावे काय, ही शंका त्या काळच्या पुष्कळ कारखान्यांविषयी घेतली जाई, आणि ती वाजवी होती.

१९५५ च्या जानेवारीत अंबत्तूरच्या शेजारच्या आवडी येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, आणि समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव झाला. त्याच वर्षी आवडीस ट्यूब प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही नळ्या करणारी कंपनी उभी राहिली. ठरावाची नोंद इतिहासाच्या पुस्तकांतून सापडते. नळीची सहसा सापडत नाही. वास्तविक शिक्षक, टपालवाले, गवळी, गिरणीकामगार अशा सायकलीवरच पोट असलेल्या माणसांच्या दृष्टीने दुसरी गोष्टही लहान नव्हती.

साखळीस आणखी पाच वर्षे लागली. १९६० साली मद्रासेस टी. आय. डायमंड चेन हा कारखाना निघाला, अमेरिकेच्या डायमंड चेन कंपनीच्या सहकार्याने. ही डायमंड कंपनी म्हणजे इंडियानापोलिसचीच, राइट बंधूंच्या विमानास साखळ्या पुरविणारी. डेटनच्या त्या दोन कुशल भावांना जी वस्तू आपल्या दुकानात करणे परवडले नाही, ती सत्तावन्न वर्षांनी अशा रीतीने मद्रासेत होऊ लागली. अंबत्तूरच्या सायकलीवरील हर्क्युलिस हे विलायती नाव मात्र तसेच राहिले.