वाशीमच्या शेतातली साखर

मधुमेह हा शहरी, सुखवस्तू माणसाचा आजार, हा समज वऱ्हाडात अजून टिकून आहे. तरीही 2010 साली मधुमेहासह असंसर्गजन्य आजारांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातल्या मोजक्या जिल्ह्यांत वाशीमची निवड झाली. 1998 मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला हा कोरडवाहू जिल्हा. इथे आधी कुपोषण हटवा, साखरेचं मग बघू, असा आक्षेप कुणी घेईल. पण हे प्रश्न वेगळे नाहीतच. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आसपासच्या खेड्यांतल्या बाळांचा अभ्यास केला. सरासरी 2.7 किलोची ही बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी होती, पण वजनाच्या मानाने त्यांच्या अंगावर चरबी मात्र टिकून होती. आईची उपासमार अशी पुढच्या पिढीच्या मधुमेहाची वाट तयार करते.

त्यात शेत बदललं. ज्वारी घरी खाण्यासाठी राहायची, कडबा गुरांना जायचा. गेल्या तीन दशकांत तिची जागा सोयाबीनने घेतली. सोयाबीन थेट बाजारात जातं आणि ताटात रेशनचा गहू-तांदूळ येतो. ज्वारीतही पिष्ट असतंच, ती काही औषध नव्हे, हे खरं. पण ताटातून ज्वारी गेली, तसे पूर्वीचे अंगमेहनतीचे दिवसही आता उरले नाहीत. म्हणूनच जनजागृती फक्त ‘गोड टाळा’ एवढ्यावर थांबली तर अपुरी पडते. तिशीनंतरची रक्ततपासणी आणि गरोदरपणातली साखरेची चाचणी जिल्ह्यातल्या मानोरा-मालेगावच्या खेड्यांत नियमित व्हायला हवी, आणि मुलींच्या पोषणाची काळजी लग्नाच्या कितीतरी आधी सुरू व्हायला हवी.