सात आठवडे, आठ आणे

बाळगुटी आजही घरोघरी उगाळली जाते. वेखंड, जायफळ, हळकुंड, मुरुडशेंग, सगळं सहाणेवर. पण ‘बाळगोळी’ हा शब्द आजच्या तरुण आयांच्या कानावरून गेला असेल असं वाटत नाही. गुटी वेगळी आणि गोळी वेगळी. बाळगोळीत अफू असे. परळ, लालबाग, डिलाइल रोडच्या चाळींमध्ये १९२०च्या सुमाराला ही गोळी सर्रास वापरात होती. गिरणीचा भोंगा व्हायच्या आधी आईनं मुलाला पाजायचं, गोळी चाटवायची आणि शेजारच्या म्हातारीजवळ ठेवून कामाला जायचं. मूल दिवसभर गुंगीत पडून राही. रडत नसे, त्यामुळे म्हातारीलाही त्रास नाही. फक्त ते वाढतही नसे.

मुंबई सरकारच्या कामगार खात्यानं या सुमाराला डॉ. बार्न्स नावाच्या स्त्री डॉक्टरला गिरणीतल्या बायकांच्या परिस्थितीची पाहणी करायला नेमलं. चाळीतून हिंडून त्यांनी जो अहवाल दिला तो १९२२ साली प्रसिद्ध झाला. कामगार स्त्रियांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव मुलांना अफू दिली जाते, असं त्यात नमूद आहे. हा आकडा पुढे अनेकांनी वापरला, आणि तो वापरताना बहुतेकांनी बोट आईकडे दाखवलं. अडाणी आहे, बेफिकीर आहे, तिला शिकवायला हवं, वगैरे. मला हा अहवाल वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. मूल सांभाळायला कुणी नसेल आणि रोज बुडवला तर चूल पेटणार नसेल, तर आईनं काय करावं, हा प्रश्न त्यातून पहिल्यांदा सरकारी कागदावर आला.

त्या बाईचा दिवस कसा होता ते पाहू. १९२०च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांत दहा तासांचा दिवस झाला. त्याआधी तो बारा तासांचा होता. बायका बहुतेक वाइंडिंग आणि रीळिंगच्या खात्यात, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या कामावर असत. कचरा वेचायलाही त्याच. गिरणी कामगारांत त्यांचा वाटा साधारण पाचवा हिस्सा होता. त्यांच्यावर देखरेख नायकिणीची. कामावर घ्यायचं की नाही, खाडा मांडायचा की नाही, हे तिच्या मर्जीवर. मर्जी राखायची तर तिचा हात ओला करावा लागे. या दहा तासांच्या आधी पहाटेचं पाणी, भाकऱ्या, धुणं. नंतर पुन्हा चूल. एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं, वर खाणावळीचे गडी. आपण आज ‘कामाच्या धबडग्यातल्या आईनं स्वतःसाठी अर्धा तास काढावा’ असा सल्ला सहज देतो. हा अर्धा तास कुठून काढायचा, हे तिला विचारायला हवं होतं.

तसं विचारायला कुणी आलं नव्हतं असंही नाही, आणि त्या स्वतः बोलल्या नव्हत्या असंही नाही. २४ एप्रिल १८९० रोजी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची मोठी सभा भरवली. दहा हजार माणसं जमली होती, मागणी होती आठवड्याच्या सुट्टीची. त्या सभेत दोन बायका बोलायला उभ्या राहिल्या. ज्या काळात पांढरपेशा घरातली बाई माजघराबाहेर बोलत नव्हती, त्या काळात गिरणीतली बाई दहा हजारांपुढे बोलली, हे आपल्या स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात क्वचितच येतं. त्याच वर्षी जूनमध्ये रविवारची सुट्टी मिळाली. पुढच्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्यानं बायकांच्या कामाचे तास अकरावर आणले. बाळंतपणाबद्दल मात्र त्यात अक्षर नव्हतं.

आणि बाळंतपण हीच तर खरी अडचण. आपल्याकडे बाळंतिणीनं सव्वा महिना अंधाऱ्या खोलीत राहावं, शेक-शेगडी घ्यावी, डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर खावी, जड काम करू नये, असा रिवाज आहे. त्या रिवाजात सोवळ्या-ओवळ्याचा भाग पुष्कळ होता आणि कोंदट खोलीनं जीवही गेले असतील. पण त्यात एक शहाणपण होतं. बाळंतिणीला विश्रांती हा तिचा हक्क मानला होता. गिरणीतल्या बाईला हा हक्क परवडत नव्हता. ज्यांचं गाव कोकणात किंवा घाटावर होतं आणि जिथे कुणी करणारं होतं, त्या दिवस भरत आल्यावर गावी जात. बाकीच्या शेवटच्या दिवसापर्यंत साच्यापाशी उभ्या राहत आणि थोड्याच दिवसांत ओल्या अंगानं परत येत.

याचा परिणाम मुलांच्या मृत्यूंत दिसे. १९२१ साली मुंबईत हजार जन्मांमागे सहाशेच्या वर अर्भकं दगावल्याची नोंद आहे. हा आकडा वाचून अंगावर काटा येतो, पण तो जरा सावधपणे घ्यायला हवा. पुष्कळ बायका गावी बाळंत होत, तेव्हा जन्माची नोंद रत्नागिरीला किंवा साताऱ्याला, आणि मूल मुंबईत दगावलं की मृत्यूची नोंद मुंबईला. त्यामुळे आकडा फुगलेला आहे. फुगवटा काढला तरी जे उरतं ते भयंकरच आहे. आणि आया किती गेल्या, याचा हिशेब त्या काळात त्याहूनही ढिसाळ होता.

१९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. तिथे बाळंतपणाआधी आणि नंतर सहा-सहा आठवड्यांची रजा आणि त्या काळात भत्ता, असा ठराव झाला. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी तिथे होते. भारत सरकारनं तो ठराव स्वीकारला नाही. इथली परिस्थिती वेगळी आहे, आधी अभ्यास करू, असं ठरलं. जोशींनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूतिलाभाचं विधेयक आणलं, ते पडलं. मग लढाई मुंबई इलाख्याच्या विधिमंडळात आली. आसवले यांनी तिथे विधेयक मांडलं आणि २८ जुलै १९२८ रोजी त्याच्या बाजूनं बोलायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले.

बाबासाहेबांचं हे भाषण फार मोठं नाही, पण मुद्देसूद आहे. विरोधकांचं म्हणणं होतं की हा बोजा एकट्या मालकावर का? त्यावर त्यांनी असं मांडलं, की आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचं आहे, तेव्हा या खर्चाचा मोठा भार खरं तर सरकारनंच उचलायला हवा. पण सरकार उचलत नाही म्हणून मालक सुटत नाही. तो पुरुषाऐवजी बाईला कामावर घेतो ते त्यात त्याचा फायदा असतो म्हणून. मग फायदा घेणाऱ्यानं थोडा भारही घ्यावा. दयेची भाषा त्यात कुठेही नाही. आईच्या आरोग्याचा खर्च कुणाच्या खात्यावर मांडायचा, एवढाच रोखठोक सवाल आहे.

१९२९ मध्ये मुंबई प्रसूतिलाभ कायदा झाला. देशातला हा अशा प्रकारचा पहिला कायदा. बाळंतपणाआधी तीन आणि नंतर चार असे सात आठवडे, आणि मुंबईसारख्या शहरात रोजी आठ आणे. नंतरचे चार आठवडे म्हणजे अठ्ठावीस दिवस. सव्वा महिन्याला दहा-एक दिवस कमीच! तरीही पहिल्यांदाच घरी बसलेल्या बाळंतिणीच्या हातात पैसे आले. पुढच्याच वर्षी मध्य प्रांतानं तसाच कायदा केला, त्यामुळे नागपूरच्या गिरण्यांतल्या बायकांनाही तो मिळाला. १९३४ मध्ये मुंबईच्या कायद्यात सातचे आठ आठवडे झाले.

याच वर्षांत परळला वाडिया प्रसूतिगृह उभं राहिलं होतं, १९२६ साली, मुख्यतः गिरणगावातल्या बायकांसाठी. कामा हॉस्पिटल १८८६ पासून होतं. पण दवाखाना असणं आणि तिथे जायला सुट्टी असणं या दोन गोष्टी निराळ्या. गिरणी आणि दवाखाना यांच्यामधलं अंतर दहा मिनिटांचं असलं तरी एका दिवसाच्या रोजाएवढं लांब होतं.

आणखी एका माणसाचं नाव इथे घेतलं पाहिजे. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. बाईचं शरीर वरचेवरच्या बाळंतपणांनी झिजतं, हे त्यांनी उघड लिहिलं आणि त्याची किंमत नोकरी, पैसा, प्रतिष्ठा अशा तिन्ही बाजूंनी मोजली. १९३४च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनीच घेतलं. १९३८ मध्ये बाबासाहेबांच्या पक्षातर्फे रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडला, तो फेटाळला गेला. आईला विश्रांती द्यायला सभागृह एकदाचं तयार झालं होतं. किती वेळा आई व्हायचं हे तिला ठरवू द्यायला नव्हतं.

आता या कायद्याची दुसरी बाजू. प्रसूतिलाभ द्यावा लागतो म्हटल्यावर काही मालकांचा बायकांना घेण्याचा उत्साह ओसरला. लग्न झालेलीला नको, दिवस राहिल्याचं दिसताच काढून टाक, अशा तक्रारी आल्या. पुढे गिरण्यांतून बायका कमी-कमी होत गेल्या. याचं सगळं खापर कायद्यावर फोडणारे अभ्यासक आहेत. मला ते पटत नाही. १९११ पासून बायकांना रात्री काम करायला बंदी होती आणि गिरण्या रात्रपाळ्यांकडे वळत होत्या. नवी यंत्रं आली ती वाइंडिंगच्याच खात्यावर. मग माणसं कमी करायची तर आधी कुणाला, याचं उत्तर ठरलेलंच होतं. उषाताई डांगे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी वाइंडिंगच्या बायकांना संघटित केलं, संप लढवले. त्या लढ्यांनी वेग कमी झाला, दिशा बदलली नाही.

गिरणीतून बाहेर पडलेल्या बायकांनी घरी बसून काय केलं? बसल्या नाहीतच. पुष्कळजणींनी खाणावळी चालवल्या. घर गावी ठेवून आलेल्या गड्यांना दोन वेळा जेवू घालायचं, दहा-वीस माणसांच्या भाकऱ्या रोज थापायच्या. हे काम दहा तासांचं नव्हतं. पहाटे चारला सुरू होई आणि रात्रपाळीचा गडी जेवला की संपे. धुरानं डोळे गेले, पाठी वाकल्या. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेचं कर्ज मिळवून देऊन त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवलं. तोवर त्या कामगार आहेत हेच कुणी मानलं नव्हतं.

दरम्यान कायदे पुढे गेले. १९४८च्या कारखाने कायद्यानं पन्नासहून जास्त बायका असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचं केलं, १९७६ मध्ये ही संख्या तीसवर आली. १९६१ मध्ये देशभरासाठी प्रसूतिलाभ कायदा झाला, बारा आठवड्यांचा. २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवडे झाले. वॉशिंग्टनला जे बारा आठवडे मागितले गेले होते त्याच्या दुपटीहून जास्त! २०२० मध्ये संसदेनं मंजूर केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद घेतली आहे.

पण सव्वीस आठवडे मिळतात ते हजेरीपटावर नाव असलेलीला. सकाळी चार घरची धुणीभांडी करणारी, शेतात मजुरीनं जाणारी, घरी बसून नगावर मसाला किंवा पापड करणारी बाई या हिशेबात नीटशी बसत नाही. आणि देशातल्या काम करणाऱ्या आया बहुतांशी याच आहेत. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांपैकी सत्तावन्न जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्यांना लोहाच्या गोळ्या द्यायला हव्यात, पालेभाज्या खायला सांगायला हवं, तपासणीला वेळेवर या म्हणायला हवं. हे सगळं सांगितलं जातं आणि सांगायलाच हवं. फक्त तपासणीच्या दिवशी तिचा रोज कोण भरणार, हा १९२८ सालचा सवाल अजून त्यांच्यापुरता सुटलेला नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)